वाणातली कुपी

कुपी मला संक्रांतीच्या हळदीकुंकवात वाण म्हणून मिळाली. आमच्या वॉर्डातल्या नगरसेविकेची निवडणूक जवळ आली होती, आणि प्लास्टिकचे डबे नि स्टीलच्या चाळण्या वाटून तिला कंटाळा आला असावा. त्या वर्षी तिनं तिळगुळाच्या पुडीबरोबर प्रत्येकीच्या हातावर हाडं म्हातारी होऊ न देणाऱ्या औषधाच्या कुपीचं एक कूपन ठेवलं. "हे वाण आयुष्यभर पुरणारं आहे बरं का," असं माइकवरून सांगत होती. आम्ही मिरजेच्या बायका खूप हसलो. पण वाण नाकारायचं नसतं, त्यामुळे मांडवाच्या मागच्या बाजूला एकेक करून गेलो, दंड उघडा केला आणि कुपी घालून घेतली. डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला, कातडीखाली, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी. मुंगी चावल्यासारखं झालं आणि संपलं. येताना चौकात सगळ्यांनी मिळून उसाचा रस घेतला.

कुपीनं मला फसवलं असं मी म्हणणार नाही. तिनं कबूल केलं होतं ते सगळं दिलं. माझ्या सासूला पन्नाशीनंतर पोक आलं आणि साठीत ती जमिनीकडे बघत चालायची. मी साठीत पिठाचा डबा डोक्यावर घेऊन जिना चढत होते. आमच्या गल्लीतल्या वैशाली, मनीषा, संगीता, सगळ्या आज्या झाल्या होत्या, पण एकीची पाठ वाकली नव्हती. पडल्यावर आम्ही उठायचो आणि पदर झटकून पुढे जायचो.

माझा धंदा पाठीवरच चालणारा होता. मी उज्ज्वला कांबळे, बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालणारी. जमिनीवर पाय लांब करून बसायचं, बाळाला नडगीवर पालथं घालायचं आणि कमरेतून वाकून त्याला न्हाऊ घालायचं. सगळं झालं की उताणं करून शेवटचा तांब्या टाळूवरून ओतायचा. तो ओतताना मी प्रत्येक बाळाला म्हणायचे, "लांब हो, ताठ हो." हे कोणी शिकवलं नव्हतं, माझं मीच जोडलेलं होतं. निम्मी मिरज माझ्या पायांवर न्हाली असेल. नव्हती न्हाली ती फक्त माझी स्वतःची मुलगी. ईश्वरी, माझी इशू, झाली तेव्हा घर चालवायला मी आठवड्यातच कामाला लागले, आणि तिला सासूनं न्हाऊ घातलं. मी दुसऱ्यांच्या बाळांचं तेल हाताला घेऊन घरी यायचे तेव्हा ती न्हाऊन झोपलेली असायची. ते मला आयुष्यभर टोचत राहिलं.

इशूच्या लग्नाला आठ वर्षं झाली आणि मूल होत नव्हतं. ती पुण्याला, जावई अभिराज तिथेच नोकरीला. उपचार झाले, नवस झाले, लोकांचं विचारून झालं. मग एका सकाळी तिचा फोन आला आणि ती नुसतीच रडायला लागली. मला कळलं. मी म्हटलं, "बाळंतपणाला इकडंच यायचं. बाळाला मी न्हाऊ घालणार. दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायची न्हाई."

त्याच महिन्यात माझी उजवी मांडी दुखायला लागली.

दुखणं म्हणजे फार नाही. उठताना मांडीच्या मध्यात कोणीतरी बोट दाबून धरल्यासारखं. तेल लावलं, शेकलं, मग हॉस्पिटलात गेले. हाडांच्या डॉक्टर मुजावर मॅडम. त्यांच्या धाकट्या मुलाला मीच न्हाऊ घातलं होतं, त्यामुळे त्या मला उज्ज्वलामावशी म्हणतात. त्यांनी फोटो काढला, पडद्यावर मोठा करून दाखवला आणि मांडीच्या बाहेरच्या कडेला बोट ठेवलं. तिथे एक बारीक रेघ होती.

"मावशी, हाड म्हणजे दगड नव्हे," त्या म्हणाल्या. "ते रोज थोडं मोडतं आणि रोज थोडं बांधलं जातं. एक टोळी जुनं खणून काढते, दुसरी मागनं येऊन नवं भरते. वय झालं की खणणारे जोरात असतात आणि भरणारे दमतात, म्हणून हाडं पोकळ होतात. कुपीतलं औषध काय करतं, तर खणणाऱ्या टोळीलाच झोपवतं."

"मग बरंच झालं की ओ."

"दहा वर्षं बरं झालं. पण खणणारे झोपले म्हणजे जुनंही तसंच राहिलं. चालता-बसता हाडाला केसाएवढे तडे जात असतात. ते खणून काढल्याशिवाय तिथं नवं हाड भरत नाही. तुमच्या मांडीत असे तडे साठत गेलेत. वरून हाड घट्ट दिसतंय. एक दिवस रस्ता ओलांडताना खडूसारखं मोडेल."

"मग काढा की कुपी."

मॅडमनी टेबलावरचं पेन उचललं, परत ठेवलं. मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी तीनदा विचारून घेतलं, कारण पहिल्यांदा ऐकून खरं वाटेना. झोपलेल्या त्या पेशी मरत नाहीत. औषध असेपर्यंत त्यांचे तुकडे तुकडे होऊन हाडाच्या मगजात पडून राहतात. औषध थांबलं की ते तुकडे पुन्हा एकमेकांना चिकटतात आणि सगळ्या पेशी एकदम जाग्या होतात, इतक्या वर्षांच्या उपाशी. त्यांची पहिली धाड पडते मणक्यांवर, कारण मणका आतून जाळीदार असतो आणि खायला सोपा. काही केलं नाही तर थोड्या महिन्यांत एकामागून एक मणके खाली बसतात.

"म्हणजे ठेवली तर मांडी जाणार आणि काढली तर पाठ जाणार," मी म्हटलं. "आणि हे वाण देताना कुणी सांगितलं नाही व्हय?"

"तेव्हा एवढं माहीत नव्हतं," मॅडम म्हणाल्या. मग जरा हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्या आईलाही घातलीय."

वाट होती ती एकच, आणि अरुंद होती. आधी कुपी काढायची. मग पेशी जाग्या व्हायला लागल्या की दुसऱ्या औषधाचं एक सलाइन घ्यायचं. ते हाडाच्या पृष्ठभागावर चिकटून बसतं आणि जाग्या होणाऱ्या पेशींना आवरतं. पण वेळ गाठावी लागते. पेशी झोपेत असताना दिलं तर हाड ते औषध घेतच नाही, आणि उशीर केला तर खायचं ते खाऊन झालेलं असतं. वेळ कळावी म्हणून मॅडमनी माझ्या मनगटावर एक पट्टी चिकटवली. हाड किती झिजतंय ते ती घामातून ओळखते आणि रंग बदलते. हिरवी असेपर्यंत स्वस्थ राहायचं, पिवळी झाली की त्याच दिवशी यायचं, लाल होऊ द्यायची नाही.

"सलाइननंतर ताप येईल, अंग ठणकेल," त्या म्हणाल्या. "आठवडाभर, एखादीला जास्तही. तापाची गोळी घ्यायची, पाणी भरपूर प्यायचं आणि पडून राहायचं. आणि मावशी, तुमचं काम बंद. कमरेतून वाकायचं नाही. एकदाही नाही."

मी मान डोलावली. कुपी काढली, दंडावर दोन टाके पडले. माझा धंदा त्या दिवशी संपला, पण मला त्याचं दुःख झालं नाही. मला एकाच बाळाला न्हाऊ घालायचं उरलं होतं आणि त्यासाठी मॅडमनी मला बंदी केलेली आहे हे मी मनाला कळूच दिलं नाही.

इशू सातव्या महिन्यात आली. डोहाळजेवणाला आम्ही सगळ्यांनी हिरव्या बांगड्या भरल्या. कासारणीनं माझ्या हातातली पट्टी बघून विचारलं, "हे काय ओ?" मी म्हटलं, "घड्याळ आहे, म्हातारपणाचं." सगळ्या हसल्या. इशू हसली नाही. तिला मॅडमनी सगळं सांगितलं होतं.

"आई, बाळाला न्हाऊ घालायला मी बाई ठरवलीय," ती रात्री जेवताना म्हणाली. "तू स्टुलावर बसून तिला सांग फक्त."

"सलाइन झालं की मी मोकळी होणार आहे. मॅडमच म्हणाल्यात," मी ठोकून दिलं. "त्या बाईला नको सांग. तिचे हात बघितलेत का, कणीक तिंबल्यासारखी बाळ तिंबते."

मुलगी झाली. काळीसावळी, डोक्यावर दाट जावळ, आणि रडण्याआधी ओठ काढून जगाकडे रागानं बघणारी. हॉस्पिटलातून घरी आणलं त्या दिवशी मी न्हाणीत पाणी तापवायला ठेवलं आणि बांगड्या मागे सारल्या, तेव्हा दिसलं. पट्टी पिवळी झाली होती.

खरं सांगायचं तर मला पहिल्यांदा राग आला. एक महिना आधी पिवळी झाली असती तर काय बिघडलं असतं? आता सलाइन घेतलं की ताप येणार, आणि तापातल्या माणसाला बाळंतिणीच्या खोलीत कोण येऊ देतं? पहिले दिवस म्हणजेच तर बाळाच्या न्हाण्याचे दिवस. अंग तेव्हाच वळतं. आठवडा, दोन आठवडे मी दुसऱ्या खोलीत पडून राहायचं, आणि कणीक तिंबणारी ती बाई माझ्या नातीला हात लावणार. मी बांगड्या पुढे ओढल्या आणि पट्टी झाकली.

आमच्या गावात सिग्नल पिवळा झाला की लोक गाडीचा वेग वाढवतात. बिनड्रायव्हरची रिक्षा पिवळ्याला थांबते म्हणून निम्मे लोक तिच्यात बसत नाहीत. मीही जन्मभर पिवळ्यात रस्ता ओलांडत आलेली बाई. पिवळा म्हणजे अजून लाल नाही, एवढंच मला कळत होतं.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. पट्टीची खबर त्यांच्याकडे जातेच. "मावशी, उद्या सकाळी या."

"येते की मॅडम. बारसं तेवढं झालं की लगेच."

"बारसं बाराव्या दिवशी ना? त्यापुढं एक दिवस नाही. आणि वाकायचं नाही, लक्षात आहे ना?"

"आहे ओ."

मग अभिराजच्या भावकीत कोणीतरी वारलं, त्यांना सुतक आलं आणि बारसं पुढे गेलं. मी मॅडमना खोटं बोलले नाही. बारसं झालं की येते, असंच म्हणत राहिले. खोटं बोलले ते इशूशी. मॅडमचा तो पहिला फोन आला त्याच्या दुसऱ्याच सकाळी भाजीला म्हणून गेले, तासाभरानं कोपराच्या आत कापूस आणि चिकटपट्टी लावून परत आले आणि म्हटलं, सलाइन झालं.

"ताप?" तिनं कपाळाला हात लावला.

"न्हाई बाई. माझं हाड जुनं आहे, त्याला काय होतंय?"

तिनं मला मिठी मारली. बाळंतिणीच्या अंगाचा ओव्या-शेपेचा वास माझ्या नाकात गेला आणि मला इतकं बरं वाटलं की लाज वाटायलासुद्धा जागा राहिली नाही.

ते दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे होते, हे मी आजही म्हणते. सकाळी न्हाणीत ऊन यायचं. मी पाय लांब करून बसायचे आणि इशू बाळाला माझ्या नडगीवर ठेवायची. तेल टाळूत जिरवायचं, पाठीवरून हात खाली न्यायचा, मसुराच्या पिठानं अंगावरची लव काढायची. बाळ पहिल्यांदा रागवायचं, मग गरम पाणी पडलं की गप्प व्हायचं आणि मूठ चोखायचं. इशू दारात बसून बघायची. एकदा म्हणाली, "मला असंच घालत होतीस?" मी हो म्हटलं.

पाठीत कळ यायला लागली होती. मी ती बाळंतपणाच्या धावपळीच्या खाती टाकली.

ज्या दिवशी झालं त्या दिवशी काही वेगळं नव्हतं. बाळ पालथं होतं, मी पाठीवर पाणी घालायला वाकले आणि आत काहीतरी बसलं. आवाज नाही झाला. भिजलेली मातीची भिंत खचते तसं काहीतरी छातीच्या मागे खाली आलं, आणि मग कळ आली. डोळ्यांपुढे अंधारी आली. माझे दोन्ही हात बाळावर होते आणि बाळ तेलानं निसरडं झालेलं होतं. मी हात सोडले नाहीत. वाकलेल्या पाठीनंच तिला उताणं केलं, तांब्या भरला, टाळूवरून ओतला आणि म्हटलं, "लांब हो, ताठ हो." मग इशूला हाक मारली, "टॉवेल आण गं."

तिनं बाळाला उचललं. मी उठले नाही.

हॉस्पिटलात नर्सनं माझ्या बांगड्या कापल्या. पट्टी लालभडक होती. इशू बाळाला छातीशी धरून तिच्याकडे बघत राहिली.

"हे कधीपासनं?"

 मॅडमनी तिला सांगितलं.

"मी मागितलं होतं का गं तुझ्याकडं?" इशू एवढ्या जोरात ओरडली की बाळ रडायला लागलं. "सांग ना, मागितलं होतं? बाई लावली असती मी. कुणीही घातलं असतं न्हाऊ. तुला कुणी सांगितलं होतं?"

"बाईच लावली होतीस की," मी म्हटलं. "फुकटातली."

मला वाटलं ती हसेल. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

सलाइन मग दिलं, ताप आला, अंग ठणकलं, सगळं सांगितलं होतं तसं झालं. पण उशीर झाला होता. पहिल्या मणक्यानंतर दुसरा खोकताना गेला, तिसरा कूस बदलताना. एक तर नातीनं शिंक दिली म्हणून मी हसले तेव्हा गेला. मॅडम दर वेळी फोटो काढायच्या आणि दर वेळी कमी बोलायच्या. शेवटी मीच विचारलं की आता काय करता येईल.

"कुपी परत घातली तर मणके थांबतील कदाचित," त्या म्हणाल्या. "पण मांडीतली रेघ वाढलीय. कुपी घातली की ती भरायची थांबेल."

"आणि मांडीत सळई घातली तर?"

"पाठ एवढी खाली आलीय की फुप्फुसांना जागा नाही उरली. भूल सोसणार नाही, मावशी."

त्या माझा हात धरून बसल्या. त्यांच्या आईची कुपी काढायची तारीख त्यांनी दोनदा पुढे ढकलली होती, हे मला नंतर नर्सकडून कळलं.

आता मी सासूसारखी झाले. नाही, सासू चालत तरी होती. माझ्या फासळ्या कमरेच्या हाडावर टेकतात, दोन घास खाल्ले की पोट भरतं. न्हाणीच्या दारावर पूर्वी डोकं आपटायचं, आता कडीला हात पोहोचत नाही. बाळाला कोणी माझ्याजवळ आणलं तर आधी चारी बाजूंनी उशा लावतात. ती माझ्या हनुवटीला धरते आणि वर उचलायला बघते, माझं तोंड दिसत नाही म्हणून. तिचं नाव रेवा ठेवलं. बारशात मी खाटेवर होते.

बाळंतपणाला आलेली मुलगी परत गेलीच नाही. तिची रजा संपली, मग नोकरी गेली. अभिराज आधी दर रविवारी यायचा, मग महिन्यातून एकदा, आता फोन करतो. भला मुलगा आहे, पण एकट्यानं किती दिवस भात शिजवून खाईल? मी इशूला म्हटलं, मला कुठंतरी ठेव, सरकारी वॉर्डात ठेव, तू जा. ती म्हणाली, "गप बस." तिच्या आवाजात माया होती की वैताग होता, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्ही असणार. मी तिला जे द्यायला गेले ते तिच्या गळ्यात पडलं, आणि ते काढून घ्यायची ताकद माझ्यात नाही. याचं मला पाठीपेक्षा जास्त दुखतं.

परवाच्या संक्रांतीलाही वॉर्डात हळदीकुंकू झालं. त्या नगरसेविकेची सून आता नगरसेविका आहे. इशू रेवाला कडेवर घेऊन गेली आणि तिळगूळ घेऊन आली. मी विचारलं, "वाण काय दिलं?" ती म्हणाली, "काय न्हाई, डबा."

आज सकाळी तिनं मला न्हाऊ घातलं. रेवाचं आधी झालं होतं, ती बाहेर सतरंजीवर मूठ चोखत बसली होती. न्हाणीत ऊन आलं होतं. इशूनं मला काखेत धरून उचललं, पाटावर बसवलं, मागून गुडघा लावून आधार दिला. बाह्या वर खोचलेल्या होत्या. माझी मान वर होत नाही, पण समोरचा हात दिसतो. तिच्या डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला एक बारीक लाल खूण होती, ताजी.

"इशू," मी म्हटलं. "हे काय केलंस गं? वाणात डबा दिला म्हणाली होतीस ना?"

ती माझ्या पाठीला साबण लावत राहिली.

"तू बघितलंयस ना माझं? रोज बघायलीस ना?"

"मॅडमनी तपासलं मला," ती म्हणाली. "अंगावर पाजून पाजून हाडं पोकळ झालीत. त्यांनी सांगितलं, नीट खा, उन्हात बस, जड उचलू नकोस, भरून येईल वर्षभरात."

"मग?"

"मग काय? तुला रोज कोण उचलणार?"

 तिनं माझ्या केसांवरून पाणी घातलं. साबण डोळ्यांत जाऊ नये म्हणून कपाळावर हाताचा आडोसा धरला, मी धरायचे तसाच. दारात बसून बघून बघून शिकली होती. मग शेवटचा तांब्या भरला, माझ्या टाळूवरून ओतायला लागली आणि हात चालतो तसं तोंड चालून गेलं. रोज रेवाला म्हणते ते.

"लांब हो, ताठ..."

तांब्या मध्येच थांबला. तिचा हात माझ्या डोक्यावर तसाच राहिला.  बाहेर रेवा स्वतःशीच काहीतरी बोलत होती.

"ओत गं," मी म्हटलं. "पाणी गार व्हायलंय."